डॉक्टरची पहिली चूक डमीवर व्हावी, पेशंटवर नको

बीड जिल्ह्यात कोणाची डिलिव्हरी अडली, कोणाला साप चावला, कोणाचा रात्री-अपरात्री दम कोंडला, की गाडी बहुतेक वेळा अंबाजोगाईकडे वळते. केज, धारूर, परळी, माजलगाव, वडवणी, कुठूनही निघालेली असो. निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात 1974 साली मेडिकल कॉलेज सुरू झालं. आज त्याचं नाव स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज अशी त्याची ओळख सांगितली जाते. आपल्यापैकी किती घरांतली मुलं तिथे जन्मली आणि किती बुजुर्ग तिथून बरे होऊन परतले, याची मोजदाद नाही.

अशा कोणत्याही सरकारी दवाखान्यात गेल्यावर पेशंटजवळ सगळ्यात आधी जो येतो तो सहसा मोठा डॉक्टर नसतो. तो इंटर्न असतो, नाहीतर नुकताच रुजू झालेला रेसिडेंट. वय तेवीस-चोवीस, डोळ्यांत झोप, हातात फाईल. तो सलाईन लावतो, रक्त घेतो, टाके घालतो. हे काम तो शिकला कुठे? आणि शिकताना पहिली सुई त्याने कोणाला टोचली?

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत मात्र कोणी नाही. पिढ्यानपिढ्या नवे डॉक्टर जनरल वॉर्डातल्या गरीब पेशंटवरच शिकत आले. ज्याच्या खिशात पैसा आहे तो खासगीत जातो आणि तजुर्बेकार हात विकत घेतो. ज्याच्याकडे नाही, त्याची शीर तीनदा चुकते आणि तो गुमान पडून राहतो. यात त्या पोराचा दोष नाही. त्यालाही शिकायचंच आहे आणि शिकताना हात थरथरणारच. प्रश्न एवढाच आहे की ती थरथर कोणाच्या अंगावर जावी.

सिम्युलेशन म्हणजे नेमकं काय

सिम्युलेशन हा शब्द मोठा वाटतो, गोष्ट साधी आहे. खऱ्या पेशंटआधी खोट्या पेशंटवर सराव. रबराचा हात असतो, त्यात लाल पाणी भरलेल्या नळ्या असतात. त्यावर सुई लावायची, चुकली तर पुन्हा लावायची. छाती दाबून हृदय चालू करण्याच्या सरावासाठी डमी असते. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब पडतोय की नाही, हे चांगल्या डमीवर लगेच कळतं. बाळंतपणाचं मॉडेल असतं, त्यात बाळ अडकतं, रक्तस्राव सुरू होतो, आणि डॉक्टर-नर्सच्या टीमला घड्याळ लावून काम करावं लागतं. याहून महागड्या मॅनेकिनही असतात. त्यांची नाडी चालते, श्वास चालतो, औषध चुकलं तर बीपी पडतो. पण बीपी पडला तरी कोणाचा जनाजा उठत नाही. यातच त्या मॅनेकिनची सगळी किंमत आली.

आम्हा बी.एड. केलेल्या लोकांना ही कल्पना नवी नाही. वर्गावर सोडण्याआधी आमच्याकडून सूक्ष्मपाठ घेतले जातात. समोर खरी मुलं नसतात, आपलेच सोबती विद्यार्थी बनून बसतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, प्रश्न विचारणं किंवा फळ्याचा वापर. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं नव्याने आखणी, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. असं 36 मिनिटांचं चक्र. ही पद्धत 1963 च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. त्याच सुमारास त्याच कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज नावाच्या डॉक्टरने निरोगी माणसांना पेशंटचं सोंग घ्यायला शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. म्हणजे शिक्षकाच्या आणि डॉक्टरच्या शिक्षणात एकच गोष्ट एकाच वेळी सुचली. जो मास्तर फळ्यापुढे चुकला, त्याचा तास वाया जातो. जो डॉक्टर खाटेपुढे चुकला, त्याचा हिशोब वेगळा असतो. तरी आमच्याकडे सूक्ष्मपाठाशिवाय कोणी वर्गावर गेलं नाही, आणि डॉक्टरांच्या बाबतीत मात्र आपल्या देशात ही सक्ती व्हायला खूप वर्षं गेली.

कल्पना जुनी, आपल्या मातीतलीही

हे सगळं परदेशातून आलं असंही कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेत शिष्याने शस्त्र चालवण्याचा सराव कशावर करावा याचं तपशीलवार वर्णन आहे. कापण्यासाठी कोहळा, दुधी, काकडी, कलिंगड. भेदण्यासाठी पाण्याने किंवा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. शीर उघडण्यासाठी मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. नुसतं पाठांतर करून हाताला सराव नसलेला वैद्य कामाचा नाही, असा त्या अध्यायाचा रोख आहे. अब्बासी काळात बगदादमध्ये याच ग्रंथाचा अरबीत तर्जुमा झाला. त्याच बगदादमध्ये 931 साली एका वैद्याच्या चुकीने माणूस दगावल्याची खबर खलिफा अल-मुक्तदिर यांच्यापर्यंत गेली, तेव्हा त्यांनी सिनान इब्न साबित यांच्याकडून शहरातल्या वैद्यांची परीक्षा घ्यायला लावली. परीक्षेत उतरेल त्यालाच इलाजाची परवानगी. आठशेहून अधिक वैद्य तपासले गेल्याची नोंद इतिहासात मिळते. रुग्णाचा जीव ही अमानत आहे आणि हात लावण्याआधी हात तपासला पाहिजे, ही समज आपल्या इतिहासात हजार वर्षांपूर्वी होती.

आणखी एक उदाहरण आम्हाला बीडच्या फार जवळचं वाटतं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची दाई होती. खेड्यापाड्यांत बाळंतपणात बाया मरत होत्या. तिने कापड, चामडं आणि कापूस वापरून बाईच्या धडाचं मॉडेल शिवलं, त्यात बसेल असं कापडी बाळ केलं, आणि राजाचा परवाना घेऊन वीसेक वर्षं गावोगाव फिरून हजारो खेडवळ दाया तयार केल्या. वीज नव्हती, कॉम्प्युटर नव्हता. सुई-दोरा होता आणि शिकवायची तळमळ होती. साधनं महाग असल्याशिवाय सिम्युलेशन होत नाही असं जे म्हणतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

फायदा खरंच होतो का

होतो, पण अटीवर. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलचं उदाहरण डॉक्टर मंडळी नेहमी देतात. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, तर हाताशी मोजकी मिनिटं असतात. घाईत ओढलं तर बाळाचा हात कायमचा अधू होऊ शकतो. तिथे सगळ्या डॉक्टर-नर्सना डमीवर याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. आधी अशा अडलेल्या बाळंतपणांत 9.3 टक्के बाळांना इजा होत होती. प्रशिक्षणानंतर ते प्रमाण 2.3 टक्क्यांवर आलं. हॉस्पिटल तेच, फरक सरावाचा.

दुसरं उदाहरण टांझानियाचं, आणि आपल्यासाठी ते जास्त मोलाचं आहे. तिथल्या हायडम या ग्रामीण दवाखान्यात जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, याचं एक दिवसाचं शिबिर झालं. शिबिरात डमीवर सगळ्यांची कामगिरी सुधारली. प्रत्यक्ष लेबर रूममध्ये मात्र फरक दिसला नाही. मग त्यांनी पद्धत बदलली. डमी लेबर रूमजवळच ठेवली आणि थोड्या-थोड्या वेळाचा, पण नियमित सराव सुरू केला. तेव्हा पहिल्या 24 तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी 11 वरून हजारी 7 च्या आसपास आलं.

यातून निघणारा धडा कोणताही शाळामास्तर सांगेल. एक दिवसाचं शिबिर, बॅनर, फोटो आणि चहा-नाश्ता याने कोणी शिकत नाही. रोज थोडं, पुन्हापुन्हा, आणि चुकल्यावर सांगणारं कोणीतरी जवळ असलं तरच शिक्षण होतं. किती शाळांत विज्ञानपेटी येते, साठा-रजिस्टरवर चढते आणि कपाटात बंद होते. काच फुटेल, हिशोब द्यावा लागेल, या भीतीने मुलांच्या हाती लागत नाही. तपासणीच्या दिवशी तेवढी टेबलावर मांडली जाते. डमीची गत विज्ञानपेटीसारखी होऊ नये.

नियम काय सांगतो

देशात एमबीबीएसचा अभ्यासक्रम 2019 पासून बदलला. नुसतं माहीत असणं पुरेसं नाही, करता आलं पाहिजे, हे त्याचं सूत्र. 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक मेडिकल कॉलेजात स्किल लॅब बंधनकारक झाली. वर्षाला 150 प्रवेशांपर्यंत किमान 600 चौरस मीटर, त्याहून जास्त प्रवेशांसाठी 800 चौरस मीटर जागा. पेशंट तपासण्याच्या सरावासाठी खोल्या हव्यात आणि नंतर काय चुकलं यावर बोलायलाही जागा हवी. शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या भाषेत ते प्रत्याभरण. ते नसेल तर डमी म्हणजे मोठ्या मुलांचं खेळणं.

आता या नियमाकडे राज्यातल्या परिस्थितीसोबत पाहा. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यात आपल्या मराठवाड्यातले जालना आणि हिंगोली आहेत. धाराशिव आणि परभणीची कॉलेजं त्याच्या थोडी आधीची. आनंदाची गोष्ट आहे. आपल्या मुला-मुलींना घराजवळ जागा मिळतील. पण इमारत दोन वर्षांत उभी राहते, तजुर्बेकार प्राध्यापक दोन वर्षांत तयार होत नाही. जिथे शिकवणारे हात कमी आणि शिकणारे जास्त, तिथे स्किल लॅबची गरज सगळ्यात मोठी. आणि तिथेच ती कागदावर राहण्याची भीतीही सगळ्यात मोठी.

हात शिकला, जीभ शिकली का

सुई लावणं हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग बोलण्याचा आहे, आणि आपल्या समाजाचं दुखणं जास्त तिथेच आहे.

सरकारी कॉलेजात 15 टक्के जागा देशभरातून भरल्या जातात. म्हणजे अंबाजोगाईच्या वॉर्डात केरळचा, राजस्थानचा, बिहारचा मुलगाही असू शकतो. समोर आलेली खाला सांगते, "जी घबरा रा, छाती में भारी-भारी लग रा." शेजारच्या खाटेवरची मावशी सांगते, "पोटात गोळा उठतो, अंगावरून लई जातंय." हे कोणत्याही पुस्तकात नाही. नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच स्थानिक भाषा शिकवण्याची तरतूद आहे, तीही याचसाठी. पण भाषा वर्गात बसून येत नाही, समोर बोलणारं माणूस लागतं.

आणि मग लाजेचा प्रश्न. आपल्या कितीतरी बाया दुखणं अंगावर काढतात, कारण तपासणीच्या वेळी खाटेभोवती चार-पाच शिकाऊ पोरं उभी राहतील ही धास्ती. पडदा ओढला का, बाईला विचारलं का, लेडी डॉक्टर जवळ आहे का, या गोष्टी वरवर लहान दिसतात, पण त्यांच्यावरून बाई पुन्हा दवाखान्यात येणार की नाही हे ठरतं. बाईच्या अंतर्गत तपासणीचा पहिला सराव मॉडेलवर झाला तर तिची इज्जतही राखली जाते आणि विद्यार्थ्याचा हातही शांत होतो. हा हट्ट फक्त मुसलमान बायांचा नाही. वंजारी, मराठा, दलित, कोणत्याही घरातल्या बाईला विचारा, ती हेच सांगेल.

न विचारता, न समजावता इलाज झाला तर काय होतं, हे बीडइतकं कोणाला माहीत असणार? 2019 मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागे गरिबी होती, मुकादमाची उचल होती, खाडा झाला तर दंड होता, खासगी दवाखान्यांचा धंदाही होता. हे सगळं एका डमीने सुटणार नाही, हे आम्हाला कळतं. पण घाबरलेल्या, कमी शिकलेल्या बाईला पर्याय समजावून सांगणं, तिचं 'हो' खरंच समजून दिलेलं आहे का हे ओळखणं, हेही डॉक्टरचं कौशल्य आहे. त्याचाही सराव करावा लागतो. बॅरोज यांची पेशंटचं सोंग घेणाऱ्या माणसांची पद्धत इथेच कामाला येते.

नातेवाइकांशी बोलण्याचंही तेच. डॉक्टरांवर हात उगारला जातो त्यातल्या किती घटनांची सुरुवात "काही सांगतच नाहीत" इथून होते, हे पाहा. मारहाण हा गुन्हा आहे, त्याची तरफदारी कोणीच करू नये. पण वाईट बातमी कशी द्यावी हे ज्याला कधी शिकवलंच नाही, त्या पोराला रात्री दोन वाजता वीस संतापलेल्या माणसांसमोर एकटं उभं करणं हाही त्याच्यावर अन्यायच.

डमीकडून काय होणार नाही

इथे सावध राहायला हवं. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं होती. राज्य हादरलं. औषधं, रिकाम्या जागा, खाटांपेक्षा जास्त पेशंट, यावर चर्चा झाली. तिथे कोणी म्हणालं असतं की स्किल लॅब बांधा, तर ती थट्टा ठरली असती. एका नर्सकडे जितकी बाळं असायला हवीत त्यापेक्षा कितीतरी जास्त असतील, तर उत्तम शिकलेला हातही अपुरा पडतो. म्हणून सिम्युलेशन ही रिकाम्या पदांवरची चादर होऊ नये. डॉक्टर, नर्स, औषधं आधी. सराव त्यांच्या सोबत, त्यांच्या बदल्यात नाही.

डमीला भीती वाटत नाही, तिचे नातेवाईक रडत नाहीत, तिच्या घरी तीन लेकरं वाट पाहत नसतात, हेही खरं. वॉर्डातला अनुभव लागतोच. एमबीबीएसनंतरची 12 महिन्यांची इंटर्नशिप त्यासाठीच आहे. आमचं म्हणणं एवढंच की वॉर्डात येताना हात अगदी कोरा नसावा.

आपण काय करायचं

ही चर्चा फक्त डॉक्टरांची आहे असं समजून आपण बाजूला झालो तर पुढेही आपणच सरावाची पाटी राहू.

नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांनी कॉलेज निवडताना फी आणि होस्टेलसोबत आणखी चार प्रश्न विचारावेत. स्किल लॅब आठवड्यातून किती वेळा उघडते? एका डमीमागे किती विद्यार्थी? शिकवायला ठरलेला शिक्षक आहे का? चुकलेलं पुन्हा करायला मिळतं का? मुलाला किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशियाला पाठवणाऱ्यांनी तर नक्कीच. 2021 च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, तिथे 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि भारतात आल्यावर पुन्हा 12 महिन्यांची. एजंट हॉटेलसारख्या होस्टेलचे फोटो दाखवतो. जेवण हलाल आहे का हे आपण विचारतो, विचारायलाच हवं. पण तिथला पेशंट रशियन बोलत असेल तर आपला मुलगा त्याच्याशी बोलायला शिकणार कसा, हेही विचारा.

पेशंट म्हणून दवाखान्यात असताना अदबीने विचारायला हरकत नाही, "डॉक्टरसाहेब, सीनियर मॅडम जवळ आहेत ना?" हा आपला हक्क आहे आणि चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. त्याच वेळी शिकाऊ डॉक्टरला सहकार्य करणं हेही आपलं कर्तव्य आहे. उद्या तोच पोरगा आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येणार आहे.

नगरसेवक, जिल्हा परिषदेत बसणारी मंडळी, रुग्णालयाच्या अभ्यागत मंडळावर असणारे लोक, यांनी नव्या मशीनच्या फितीसोबत हेही विचारावं की लॅब चालवायला माणूस आहे का, आणि जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवरच्या नर्स आणि एएनएम ताईंना तिथे सरावाला बोलावलं जातं का. खेड्यातलं बाळ आधी त्यांच्याच हातात येतं.

शेवटची सूचना आमच्या पेशाची. कॉलेजांना पेशंटचं सोंग घेणारी, मराठी आणि दखनी दोन्ही सहज बोलणारी माणसं लागतील. आपल्या मोहल्ल्यात अशी माणसं घरोघरी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, नाटकात काम केलेली मुलं-मुली आहेत. एखाद्या मेडिकल कॉलेजने बोलावलं तर महिन्यातून एक दिवस "छाती में भारी-भारी लग रा" म्हणत खुर्चीवर बसायला आमच्यासारखे मास्तर खुशीने तयार होतील. त्या दिवशी तो केरळचा पोरगा आमच्यासमोर गोंधळेल, चुकेल, पुन्हा विचारेल. पुढच्या आठवड्यात खरी खाला आली की तो गोंधळणार नाही.